उंट, बोका आणि उजवी चप्पल

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी,

मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (पुढे पानोपानी तुमच्याशी भांडायचं असल्यामुळे नमस्कार आधीच आणि पुरता घालून ठेवतो. मध्ये कुठे उद्धटपणा आढळला तर या पहिल्या ओळीकडे पुन्हा एकदा वळावं.) पाय कसा आहे? ताईने कळवलं की तुम्ही आता काठी घेऊन जिन्यापर्यंत जाता, जिना बांधणाऱ्याला नावं ठेवता आणि परत येता. ऐकून बरं वाटलं. नावं ठेवायला लागले म्हणजे हाड जुळलं, असं मी हिला म्हणालोसुद्धा. झोप लागते का? भाच्याच्या घरातल्या गाद्या फार मऊ आहेत म्हणे. रस्त्याच्या कामावर तंबूत खडीवर सतरंजी टाकून ज्याने उमेदीची वर्षं काढली, त्याला अशा गादीवर कसं निभत असेल, याची मला रोज काळजी वाटते. गोळ्या वेळेवर घेत जा.

तुम्ही कायमचे तिकडेच राहणार की परत येणार, हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाहीये. इकडचं घर पुढच्या महिन्यापासून भाड्याने द्यावं असं भाचा म्हणतो, आणि तुम्ही त्यावर हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत, एवढं मला कळलं आहे. पण तो तुमच्या घरचा प्रश्न आहे आणि त्यात मेव्हण्याने नाक खुपसू नये इतकी अक्कल मला आहे. मी लिहितोय ते शर्यतीबद्दल. फोन न करता पत्र का, त्याचं कारणही शर्यतच. शर्यत संपून आज दहा दिवस झाले आणि निकाल मला अजून माहीत नाही. तुम्ही फोनवर नुसतं हॅलो म्हणालात तरी तो मला कळेल. तुमचा माणूस जिंकतो त्या वर्षी तुमचं हॅलो सरकारी गाडीच्या हॉर्नसारखं येतं, आणि हरतो त्या वर्षी ताईच फोन उचलते.

(ताई, हे पत्र तूच मोठ्याने वाचून दाखवत असशील. यांचा चष्मा पडताना फुटला, आणि नवा करीन तर आपल्याच चष्मेवाल्याकडून, असं म्हणून पाच महिने बिनचष्म्याचे बसलेत, ते मला ठाऊक आहे. तेव्हा तुला कंटाळा येऊ नये म्हणून थोडक्यात सांगतो. तीन आठवडे, एकवीस टप्पे, रोज चार-पाच तास सायकल, मध्ये डोंगर. सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यात कमी, त्याच्या अंगात पिवळी जर्सी. शेवटच्या दिवशी ती ज्याच्या अंगात, तो जिंकला. उंट म्हणजे तुझ्या नवऱ्याचा लाडका, लांब मानेचा, घाटात एका लयीत चढत राहणारा. बोका म्हणजे माझा, दुसऱ्याच्या आडोशाने येऊन शेवटी झडप घालणारा. त्यांची खरी नावं आम्हाला नीट उच्चारता येत नाहीत. बाकी सगळं तुला तीस वर्षं ऐकून ऐकून पाठ असेलच.)

आमची बैठक तुम्ही विसरला नसाल. वरच्या फळीवर अर्ध्या गावाचे प्लास्टरचे जबडे, खालच्या फळीवर टीव्ही, समोर माझं टेबल, बर्नर, मेणाच्या पट्ट्या, आणि प्लास्टरच्या पिंपाशेजारी तुमचं स्टूल. टप्पा सुरू झाला की मी कवळी बसवायला घ्यायचो आणि टप्पा संपेपर्यंत वरचे-खालचे मिळून अठ्ठावीस दात मेणात बसलेले असायचे. (डॉक्टरीणबाईंना अजून वाटतं की त्या तीन आठवड्यांत माझं काम एवढं का उरकतं, ते एक गूढ आहे.) मी शर्यत बघायचो दातांवरून. घाटात ज्याचा खालचा जबडा डावीकडे सरकला, तो पुढच्या दोन किलोमीटरांत सुटतो, हे मी कॉमेंट्रीवाल्याच्या आधी सांगायचो. तुम्ही मात्र सायकलवाल्यांकडे बघायचातच नाही. हेलिकॉप्टरमधून रस्ता दिसला की तुमचं सुरू व्हायचं. डांबर कोवळं आहे, वळणाला ढाळ उलटा दिलाय, पाणी जाणार कुठून, या इंजिनिअराला कोणी पास केला. माणसं पडली की मी कोण पडलं ते बघायचो, तुम्ही कशामुळे पडलं ते.

आणि तुमची ती पाणसळ. टीव्हीवर घाटाचा चढ आठ टक्के असा आकडा आला की तुम्ही खिशातून पाणसळ काढून पडद्यावरच्या रस्त्याला लावायचात आणि आतला बुडबुडा बघून जाहीर करायचात की हे लोक थापा मारतात, साडेसहाच्या वर एक दोरा नाही. चार वर्षं तुम्ही सगळ्या घाटांतून दीड टक्का वजा केलात. चार वर्षांनी शेजारच्या चष्मेवाल्याने माझी फळीच डावीकडे कलती आहे हे दाखवून दिलं. तेव्हा तुम्ही शांतपणे फळीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवलात आणि म्हणालात की बघ, आता आठ टक्के झाला. तो पुठ्ठा अजून तिथेच आहे.

आता गेल्या वर्षीचं. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सतरावा टप्पा, शेवटचा मोठा घाट, पिवळी जर्सी उंटाच्या अंगात, बोका त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला. माथा तीन किलोमीटरवर असताना उंटाची साखळी उतरली. तो पाय टेकून उभा राहिला, साखळीशी झटू लागला, आणि बोक्याने एकदा मागे पाहिलं आणि तो निघून गेला. (पाहिलं की नाही, हा वाद वेगळा. मी म्हणतो तो घाम पुसत होता. चष्मेवाला तटस्थ आहे, कारण तो दरवर्षी सगळ्यात शेवटच्या सायकलवाल्याच्या बाजूने असतो आणि तो त्या वेळी पाऊण तास मागे होता.) माथ्यावर बोक्याला एकोणचाळीस सेकंदांची आघाडी मिळाली, आणि चार दिवसांनी तो शर्यत जिंकला ती अकरा सेकंदांनी. तुमचं म्हणणं असं की पुढारी पडला किंवा त्याची सायकल बिघडली तर बाकीच्यांनी थांबायचं असतं, तसा नियम आहे. मी म्हटलं, कुठे लिहिलाय दाखवा. तुम्ही म्हणालात, लिहिलेले नियम आम्ही खात्यात रोज मोडायचो, न लिहिलेला एकही कधी मोडला नाही. मी म्हटलं, साखळी सांभाळणं हाही शर्यतीचाच भाग आहे, कवळी तोंडातून पडली तर जेवणाऱ्यांनी पंगत थांबवायची का? इथे तुम्ही उठलात. मला म्हणालात, तुमच्या बहिणीशी लग्न केलं तेव्हा तुमचा स्वभाव माहीत नव्हता (एरवी मला अरे-तुरे करणारा माणूस एकदम अहो-जाहोवर आला, तेव्हाच मी समजलो), आणि दारात जाऊन, खाली न बघता, पायात आलं ते सरकवून निघून गेलात.

पायात आल्या त्या दोन चपला एका जोडीच्या नव्हत्या. डावी तुमची नऊ नंबरची आणि उजवी माझी सात नंबरची. दोन्ही तपकिरी, दोन्ही एकाच दुकानातल्या, चूक कोणाचीही झाली असती. पण चूक कळल्यावर कोणीही शहाणा माणूस ती परत करतो. तुम्ही केली नाहीत, कारण परत करायला यायचं म्हणजे बोक्याला माफ केल्यासारखं. मीही आणून दिली नाही, कारण जायचं म्हणजे बोका चुकला हे कबूल केल्यासारखं. त्यापुढे जाऊन आपण दोघांनीही त्या विजोड जोड्या हट्टाने वापरल्या. मी कामाच्या खोलीत माझी डावी आणि तुमची उजवी घालून सात महिने फटक-फटक चालत होतो, आणि तुमची टाच माझ्या चपलेबाहेर दोन बोटं लोंबकळतेय हे मला ताईकडून कळत होतं. ताईने दोन्हीकडे निरोप पोचवून पोचवून शेवटी सांगितलं की तुम्ही दोघं एकेक पाय कापून घ्या, म्हणजे प्रश्न मिटेल. बोलणं बंद ते बंदच. आणि मग तुम्ही पडलात. त्याबद्दल खाली लिहितो, आधी थोडं हसून घेऊ.

यंदा शर्यत सुरू झाली त्या दुपारी मी नेहमीसारखा टीव्ही लावून बसलो. बर्नर पेटवला, मेण मऊ केलं, पुढचे चार दात बसवले. बाराव्या-तेराव्या मिनिटाला हेलिकॉप्टरमधून एक लांबलचक रस्ता दाखवला. डांबर अगदी नवं होतं, काळंभोर, कडेच्या पट्ट्या नुकत्या मारलेल्या. मी वाट बघत राहिलो. त्या रस्त्याला नावं ठेवायला त्या खोलीत कोणी नव्हतं आणि मला एकट्याला तो चांगला आहे की वाईट हेसुद्धा कळेना. मी टीव्ही बंद केला. ही शर्यत तुमच्याबरोबर बघीन, नाहीतर बघणारच नाही, असं तेव्हाच ठरवून टाकलं. मग टीव्हीच्या डब्यात, पहिला टप्पा रात्री पुन्हा दाखवतात तेव्हापासून, एकवीसच्या एकवीस टप्पे रेकॉर्ड करायला लावले आणि निकाल कानावर पडू न देण्याच्या मागे लागलो. तुम्ही तिकडे भाच्याच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर सगळं बघितलं असणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण एकदा बघितलेली शर्यत दुसऱ्यांदा बघून तिच्यावर तितकंच भांडणारा माणूस माझ्या माहितीत तुम्हीच एक आहात.

पहिली अडचण घरातच आली. डब्यात एकवीस टप्प्यांना जागा नव्हती, कारण तिथे हिच्या मालिकेचे साठ भाग साठवलेले होते. हिला विचारून पुसावेत एवढा वेळ नव्हता. (वेळ होता, धीर नव्हता.) तेव्हापासून ही माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलते आणि उरलेलं सगळं फोनवर ताईशी बोलते. तरीही पेपरातलं शर्यतीचं पान सकाळी मी उठण्याआधी कापून टाकायचं काम तिने मनावर घेतलं, इतकं मनावर घेतलं की पेपर माझ्या हातात यायचा तो खिडक्या पाडलेल्या घरासारखा. आता तिने कापलेल्या एका चौकोनाच्या मागच्या बाजूला वीज दिवसभर बंद राहणार असल्याची सूचना होती. ती मी वाचली नाही. त्यामुळे नववा टप्पा दोन तास दहा मिनिटांचाच आहे. सगळे एका लाकडी पुलापर्यंत येतात आणि तिथून पुढे काळोख. पुलाचं बांधकाम तुम्हाला बघण्यासारखं आहे, त्यामुळे मी तेवढाही ठेवला आहे.

दुसरी अडचण चष्मेवाला. त्याला मी बजावलं की शर्यतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्याने शब्द दिला आणि पाळला. पण त्या माणसाचा चेहरा तुम्हाला ठाऊक आहे. पोटात दुखतंय की मूठभर पैसे सापडलेत, सगळं तोंडावर. तिसऱ्या दिवशी तो सकाळी दुकान उघडताना माझ्याकडे बघून असा काही हळहळला की बोका पडला हे मला कळलंच. (पडला नव्हता, असं तो आता म्हणतो. त्याचा शेवटचा गडी शर्यत सोडून गेला होता, ते दुःख त्याचं स्वतःचं होतं. पण मी तीन दिवस जेवलो नाही नीट.) मग त्याने यावर उपाय काढला. दुकानातला मोठ्यात मोठा काळा चष्मा घालून तो बसू लागला, खाली रुमाल, वर टोपी. माझ्यापुरता बंदोबस्त चोख झाला, पण गिऱ्हाइकं दारातून आत बघायची आणि चष्मेवाल्याचेच डोळे गेलेत म्हणून परत जायची. दोन म्हाताऱ्या बाया तर त्याला हात धरून रस्ता ओलांडून देऊन गेल्या, आणि तो आमच्या शर्यतीपायी काही न बोलता पलीकडे जाऊन परत आला. असा शेजारी मिळणार नाही, भाऊजी.

तिसरा प्रकार दवाखान्यातला. एका निवृत्त हेडमास्तरांचं पूर्ण कवळीचं माप घ्यायचं होतं आणि डॉक्टरीणबाईंची मदतनीस सुट्टीवर होती, म्हणून बाईंनी मला बोलावलं. मापाचा लगदा भरलेला साचा त्यांनी हेडमास्तरांच्या तोंडात बसवला, तीन मिनिटं असाच दाबून धरा म्हणाल्या आणि शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. समोरच्या भिंतीवर सायकलचं चित्र असलेलं एक कॅलेंडर होतं. हेडमास्तरांनी त्याच्याकडे बोट केलं, स्वतःच्या छातीकडे बोट केलं, आणि मला कळलं की हा आपल्यातला माणूस आहे. दुसऱ्या कोणत्याही वर्षी मी त्यांना मिठी मारली असती. तोंड बंद होतं म्हणून ते हातांनी सांगू लागले. आधी हवेत घाट काढला, मग कोणीतरी मागून येतंय असं दाखवलं, मग बोटांवर सेकंद मोजायला सुरुवात केली. मी डोळे घट्ट मिटले. हात काढला तर ते बोलणार आणि डोळे उघडले तर ते दाखवणार, अशा कात्रीत मी साचा दाबून धरून उभा राहिलो. बाई परत आल्या तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. साचा काढायला दोघं लागलो. माप इतकं स्वच्छ आलं की बाई म्हणाल्या, दहा वर्षांत असं पाहिलं नाही; आणि त्याच दमात म्हणाल्या की महिनाभर दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. हेडमास्तर आता रस्त्यात मला बघून पदपथ बदलतात, त्यामुळे तीही एक चिंता मिटली.

अशा तऱ्हेने मी तेहतीस दिवस काढले. हसून झालं असेल तर आता खालचं ऐका. (ताई, इथे जरा हळू वाच.)

तुम्ही पडलात ते नव्या गटाराच्या चरात. चर खणणारे उतार चुकीचा देतायत म्हणून तुम्ही त्यांना सांगायला कडेपर्यंत गेलात आणि उजवा पाय निसटला. त्या पायात माझी सात नंबरची चप्पल होती. हे ताईने मला मुद्दाम सांगितलं नाही, बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं. तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात आलो होतो. हे ताईलाही माहीत नाही. पिशवीत तुमची उजवी चप्पल घेतली होती, म्हणजे बोलायला काहीतरी विषय होईल. पहिल्या मजल्यापर्यंत चढलो. खोलीचं दार अर्धं उघडं होतं, तुमचा पाय वजन बांधून वर टांगलेला दिसत होता, आणि तुम्ही नर्सला सांगत होता की ही कप्पी जरा डावीकडे ओढते. मी तिथून परत फिरलो. लाज वाटली म्हणा, भीती वाटली म्हणा. उद्या येऊ असं म्हटलं. बारा दिवस मी रोज उद्या येऊ म्हणत होतो, आणि तेराव्या दिवशी भाचा गाडी घेऊन आला आणि तुम्हाला महिनाभरासाठी म्हणून घेऊन गेला.

भाऊजी, तुमची साखळी उतरली होती आणि मी मागे वळून पाहिलं होतं. घाम पुसत नव्हतो. स्पष्ट पाहिलं आणि निघून गेलो. बोक्याने काय करायला हवं होतं यावर मी तुमच्याशी मरेपर्यंत वाद घालायला तयार आहे. पण मी काय करायला हवं होतं, यावर माझ्याकडे एकही मुद्दा नाही. मला तुमची फार आठवण येते. टेबलाशी बसलो की दर थोड्या वेळाने पिंपाकडे बघितलं जातं. परवा तुमच्या घरावरून गेलो तर फाटकासमोर रस्त्याला खड्डा पडलाय, आणि कोणी तक्रार केलेली नाही. मग मीच कचेरीत जाऊन अर्ज दिला. खड्ड्याची खोली लिहा म्हणाले, तर मला मोजता येईना.

जास्त काय लिहू. ताईला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. ही माझ्याशी बोलत नसली तरी तुम्हा दोघांना तिचा नमस्कार आहे, तेवढं लिहा म्हणाली. चष्मेवाला नमस्कार सांगतो, पण काळ्या चष्म्यामुळे तो कोणत्या चेहऱ्याने सांगतो ते मला दिसलं नाही. मोठ्यांना अधिक लिहिणं बरं नव्हे, आणि लिहायचं ते सगळं लिहून झालंच आहे.

आपला,
मेव्हणा

ता. क. कधी इकडे येणं झालंच, तर माझी उजवी चप्पल आणावी. पिशवीतून आणावी, पायातून नव्हे. पुन्हा तिच्यात पाय घातलेला मला चालणार नाही. तुमची उजवी मी पॉलिश करून ठेवली आहे. पत्र लिहिण्याचं कारण म्हणाल तर खरं तेवढंच.

आणखी एक ता. क. निकाल मला माहीत नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. तो मला शर्यत संपली त्याच रविवारी कळला. त्या दिवशी ताई हिला फोनवर म्हणाली की यांनी पाच महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वर ताट लवकर उचललं म्हणून रागावले. तुमची भूक आणि पिवळी जर्सी यांचं नातं मला तीस वर्षं ठाऊक आहे. तेव्हा उंट जिंकला, अभिनंदन. बोका हरला याचं मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंच नाही. तुम्ही जेवलात हे ऐकून मी त्या दिवशी स्वतःच्या खोलीत एकटाच हसलो. पण उंट जिंकला कसा, ते मला बघायचं आहे, आणि तुम्ही शेजारी नसताना बघायचं नाही.

शेवटचा ता. क., दुसऱ्या दिवशी सकाळी. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. तुम्ही आंघोळीला गेला असाल अशा वेळी मी ताईला फोन केला. तिला म्हटलं, उंट जिंकल्यावर भाऊजी खूष असतील. ताई म्हणाली, कसला उंट? त्यांनी शर्यत बघितलीच नाही. पहिल्या दिवशी भाच्याने तो भिंतीएवढा टीव्ही लावून दिला, तुम्ही दहा मिनिटं बघितलंत, बिनचष्म्याचं नीट दिसत नाही म्हणालात, मग इथे भांडायचं कोणाशी म्हणालात, आणि बंद करायला लावलात. पेपरही वाचून घेत नाही म्हणे. मी विचारलं, मग त्या रविवारी दुसऱ्यांदा वाढून कशाबद्दल घेतलं? तर ताई म्हणाली, त्या दिवशी सकाळी तुझ्या बायकोने फोनवर मालिकेचं रडगाणं गायलं, तेव्हा कळलं की तू सगळे टप्पे भरून ठेवतोयस आणि एकही बघितला नाहीस. तेच मी यांना सांगितलं. तर यांनी दोनदा विचारलं, एकही नाही? मी म्हटलं, एकही नाही. मग जेवायला बसले.

बर्नर पेटलेला होता आणि हातातलं मेण गार होऊन गेलं, तरी मी फोन धरून तसाच बसलो होतो. म्हणजे निकाल आता तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. फक्त चष्मेवाल्याला माहीत आहे. त्याला आणखी थोडे दिवस काळा चष्मा घालायला सांगितलं आहे, आणि तो तुमच्या नव्या चष्म्याच्या फ्रेमा काढून बसलाय. घर भाड्याने द्यायचं नाही, हे भाच्याला आजच सांगून टाका. पहिला टप्पा चार तास अडतीस मिनिटांचा आहे आणि बाराव्या मिनिटाला एक नवा रस्ता येतो, त्याचं काय ते मला विचारायचं आहे. दोघं निघा, मी घ्यायला येतो. चपलेचं एवढं काही नाही, विसरलात तरी चालेल.